चांदणी लागलेली गाडी

भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलाला हल्ली मुलगी मिळते. भाड्याच्या गाडीतून मुलगी बघायला गेलेल्याला मिळते की नाही, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. आमचा भाचा तो प्रयोग करून बघणार होता; पण दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आयत्या वेळी स्वतःची जुनी गाडी बाहेर काढली. "लोकांची गाडी घेऊन लोकांच्या घरी जायचं नाही," एवढंच बोलले. खंबाटकी घाटात ती गाडी तापली. नव्या साड्या नेसलेल्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या, आणि दाजी बोनेट उघडून बिसलेरी ओततायत. भाच्याच्या चेहऱ्याकडे न बघताच ते म्हणाले, "तापली तरी आपली आहे."

भाच्याची गाडी लीजवरची. तो हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे आणि तिथे पगारातूनच गाडीचं भाडं वळतं होतं. गाडी लीज कंपनीची, वापर ह्याचा, चार वर्षांनी परत. मधल्या काळात विमा त्यांचा, सर्व्हिसिंग त्यांचं, रस्त्यात बंद पडली तर उचलून न्यायचं कामही त्यांचं. दाजींना ही योजना समजावून सांगायला त्याला एक संध्याकाळ लागली. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे चार वर्षं पैसे भरायचे आणि शेवटी हातात काय, तर रिकामं पार्किंग."

आता सामान्य माणसाला हे लीज प्रकरण कळतं ते जाहिरातीतून. 'नवी कोरी गाडी, दरमहा फक्त ₹१६,९९९* पासून!' ह्यात 'फक्त' वीतभर असतं, 'पासून' मुंगीएवढं, आणि चांदणी दिसायला डोळ्यांची तपासणी नुकतीच झालेली असावी लागते. चांदणीचा माग काढत खाली गेलं की एक स्वतंत्र साहित्यप्रकार सुरू होतो. ही किंमत सगळ्यात खालच्या मॉडेलची, म्हणजे मागच्या काचा हाताने फिरवायच्या. करार ४८ महिन्यांचा. वर्षाला १०,००० किलोमीटरच चालवायची. अनामत वेगळी. मध्येच सोडली तर दंड. आणि जीएसटी वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा ह्या भाड्यालाही थोडं बरं वाटलं, पण १८ टक्के म्हणजेही १६,९९९चे २०,०५९ होतात. ४८ महिन्यांचे नऊ लाख बासष्ट हजार. तेवढे भरून किल्ली परत.

हा आकडा दाजींना सांगितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो भाच्याच्या लग्नातही मला दिसला नव्हता.

पण मग मी त्यांच्याच गाडीचा हिशेब काढायला घेतला आणि वातावरण बिघडलं. दाजींच्या लेखी गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल. बाकीचं सगळं 'एकदाच असतं ते'. विमा एकदाच असतो, दर वर्षी. टायर एकदाच, बॅटरी एकदाच, क्लच एकदाच. महाराष्ट्राचा रोड टॅक्स मात्र खरोखरच एकदाच असतो. पेट्रोलची गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर दहा लाखांच्या आत ११ टक्के, त्याच्या वर १२, वीस लाखांच्या वर १३. तो 'ऑन-रोड' ह्या शब्दाच्या पोटात असल्यामुळे कुणी पुन्हा मोजत नाही.

मी मोजलं. समजा, साडेनऊ लाखांची ऑन-रोड गाडी. दीड लाख रोख, आठ लाख कर्ज, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता १६,६०७ रुपये. पाच वर्षांत बँकेला नऊ लाख शहाण्णव हजार गेले. त्यात नंतरच्या चार वर्षांचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी घातली की सगळं मिळून तेरा लाखांच्या घरात. पाच वर्षांनी गाडी चार लाखांना गेली असं धरू. नऊ लाख उडाले. साठ महिन्यांनी भागा. महिना पंधरा हजार, आणि पेट्रोल अजून एक थेंब घातलेलं नाही.

तर एकीकडे वीस हजार आणि दुसरीकडे पंधरा. लीजवाला हे पाच हजार कशाचे घेतो? थोडे नफ्याचे, आणि बाकीचे, माझ्या मते, आरटीओच्या खिडकीपासून तुम्हाला लांब ठेवण्याचे. ज्याने एकदा कर्ज फेडल्यावर आरसीवरून बँकेचं नाव काढायचा प्रयत्न केलाय, त्याला ही रक्कम जास्त वाटणार नाही. बँकेची एनओसी, फॉर्म ३५ दोन प्रतींत, आणि एनओसीची मुदत संपायच्या आत हे सगळं. निम्मी जनता हप्ता संपला की पेढे वाटते आणि फॉर्मचं विसरून जाते. मग दहा वर्षांनी गाडी विकायला काढल्यावर गिऱ्हाइकाला कळतं की दाजी ज्या गाडीला 'आपली' म्हणतात, तिच्यावर सरकारदरबारी अजून एका बँकेचा बोजा आहे. ती बँकही तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

पण हिशेब इथे थांबवणं म्हणजे दाजींवर अन्याय होईल. ते पाच वर्षांनी गाडी विकणाऱ्यातले नाहीत. गाडी दहा वर्षं वापरली तर पुढच्या पाच वर्षांत हप्ता नाही. विमा, दुरुस्ती मिळून दोनेक लाख जातात, आणि शेवटी पावणेदोन लाखांना कुणीतरी घेऊन जातं. मग सरासरी येते महिना अकरा हजार. म्हणजे ज्याला गाडी तिच्या अंतापर्यंत सांभाळायची आहे, त्याला विकत घेण्यासारखं स्वस्त काही नाही. ज्याला दर तीन-चार वर्षांनी नवा वास हवा असतो, त्याच्या पंधरा हजारांचे पाहता पाहता अठरा होतात, कारण गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडते ती सुरुवातीलाच. विम्याचा तक्ताच बघा ना: सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात ५०. असल्या माणसाने लीज घेतली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. अठरा आणि वीस ह्यांत मन:शांती बसते.

दाजींना घट हा प्रकारच मान्य नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या लहानपणी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची पद्धत होती. नंबर लागलेली गाडी त्याच दिवशी जास्त भावाने खपायची. पुढे १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. आणि तिलाही रांग, तिच्यावरही वरकड पैसे. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग जाताना ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तो डेप्रिसिएशन ह्या शब्दाला हसणारच. त्याच्या दृष्टीने गाडी ही सोन्याच्या खालोखाल आणि प्लॉटच्या शेजारी बसणारी वस्तू आहे.

ह्यावर उपाय म्हणून मी एक वेगळा आकडा काढला आणि तो काढून पस्तावलो. दाजींची गाडी वर्षाला फार तर सहा हजार किलोमीटर चालते. महिना पंधरा हजारांचा हिशेब धरला तर किलोमीटरला तीस रुपये, वर पेट्रोल. पुण्यातली रिक्षा मीटरप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये घेते. म्हणजे मालकीच्या गाडीपेक्षा रिक्षा जवळजवळ निम्म्या किमतीत नेते. नेली तर. हे 'नेली तर' दाजींनीच जोडलं आणि तिथे माझं सगळं गणित संपलं. पुण्यात माणूस गाडी का घेतो ह्याचं शास्त्रीय उत्तर 'रिक्षावाला काय म्हणाला' ह्या एका वाक्यात आहे, आणि त्याला लीजही लागू पडते, कर्जही लागू पडतं.

लीजवरच्या गाडीचा खरा त्रास मात्र पैशांचा नाहीच. एक म्हणजे पाटी. भाच्याची पांढरी होती, म्हणून वाचला. पण सबस्क्रिप्शनच्या नावाखाली ज्या गाड्या मिळतात, त्यांतल्या काहींना काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांची ती सरकारी खूण. आमच्या सोसायटीत एकाने तशी आणली. आठवड्याच्या आत 'सी' विंगमधल्या काकूंनी त्याला खाली गाठून विचारलं, "पनवेलला सोडायचे किती घेता?" तो बिचारा एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे. काकूंनी पुढे असंही सांगितलं की ओळखीचं आहे तर टोल त्यातच धरा.

दुसरा त्रास किलोमीटरचा. वर्षाला दहा हजार म्हणजे महिन्याला ८३३. ऐकायला भरपूर वाटतात. पण गणपतीला पुण्याहून सावंतवाडीला गेलं, तिथे दोन देवळं आणि तीन आत्या केल्या, की महिन्याचा कोटा कोकणातच राहतो. वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळा दर. त्यामुळे भाच्याच्या घरात नातेसंबंधांची नव्याने आखणी झाली. लातूरच्या काकांचं लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा तो मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "काका, यायची खूप इच्छा आहे, पण किलोमीटर नाहीत." हे कारण इतकं नवीन होतं की काकांना रागावायचं कसं ते सुचलंच नाही. उलट करार-वर्ष संपताना दोन हजार किलोमीटर शिल्लक दिसले. न वापरलेले किलोमीटर पुढे नेता येत नव्हते. मग मार्चअखेरीला सरकारी खातं जसा निधी संपवतं तसे त्याने ते संपवले: शनिवारी कोल्हापूरला मिसळ, रविवारी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी, आणि पुढच्या आठवड्यात नुसतंच सोलापूर. सोलापूरला काय केलं विचारल्यावर म्हणाला, "यू-टर्न."

आता तर ह्याच्याही पुढची पायरी आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही विजेची गाडी काढली ती ९.९९ लाखांना, पण बॅटरी त्यात नाही. बॅटरी भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. गाडी आपली, जीव लोकांचा. दाजींनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हप्ता थकला तर गाडी ओढून नेत नाहीत, नुसती बॅटरी काढून नेतात?" मला उत्तर देता आलं नाही. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅटरी नसलेली आणि कर्ज नसलेली गाडी रुबाबात उभी आहे, हे चित्र मला मराठी मध्यमवर्गाच्या अगदी जवळचं वाटलं.

भाच्याचा सगळा भर कर वाचण्यावर होता, आणि तिथे त्याची बाजू मजबूत होती. नोकरीतून मिळालेल्या गाडीचा लाभ १९६२च्या आयकर नियमांत वर्षानुवर्षं एका ठरावीक आकड्याने मोजला जायचा: इंजिन १.६ लिटरपर्यंतचं आणि पेट्रोलपाणी कंपनीकडे असेल तर महिना १,८०० रुपये. मग गाडीचं भाडं वीस हजार का असेना, पगारात धरायचे अठराशे. बाकी रक्कम करातून सुटली. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हे ऐकून भजनाला बसल्यासारखं वाटतं. फक्त ह्या भजनात एक टाळ चुकीचा वाजतो. कंपनीच्या नावावर नोंदलेल्या गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के बसतो, आणि तो काही लीजवाला स्वतःच्या खिशातून भरत नाही. एका दारातून सरकारने सोडलेले पैसे दुसऱ्या दारात सरकारच गोळा करत उभं असतं. भाच्याने ही ओळ एक्सेलमध्ये घातली नव्हती. मी घातली, तेव्हापासून ती शीट तो मला दाखवत नाही.

दसऱ्याला आणखी एक पेच. आमच्या ताईने झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असा सगळा थाट केला. ओवाळायला गेली तर दाजी गॅलरीतून म्हणाले, "कंपनीच्या एमडीला ओवाळ. मालक तो आहे."

त्या स्वस्तिकाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण ते पुढे अहवालात आलं. चार वर्षं संपली आणि गाडी परत घ्यायला एक पोरगा आला. पाठीवर सॅक, हातात टॉर्च, मोबाइल आणि टायरची नक्षी मोजायची एक छोटी पट्टी. तो गाडीभोवती इतक्या हळू फिरला की वॉचमनसुद्धा उभा राहिला. दरवाज्याच्या कडेवरून त्याने उलट्या नखाने हात फिरवला. चारही टायरांच्या खाचांत पट्टी घातली, कायद्याने १.६ मिलिमीटर लागतात, त्याच्या कंपनीला त्याहून जास्त हवे होते. सीटखाली टॉर्च मारून त्याने शेंगदाण्याचा फोटो काढला. डिकीच्या गालिच्यावर सावंतवाडीच्या आगळाचा डाग होता. तो त्याने आधी हुंगला, मग मोजला. आणि बोनेटपाशी येऊन म्हणाला, "हे लाल काय आहे?"

"दसरा," ताई म्हणाली.

त्याने लिहिलं: रंगावर डाग, बोनेट, मध्यभागी. पुढे यादीत डाव्या बंपरचा ओरखडा, एका चाकाची हरवलेली टोपी, मागच्या काचेवर काढलेल्या स्टिकरचा चिकटा आणि सापडत नसलेली दुसरी किल्ली. सगळे मिळून अठ्ठावीस हजार, अनामतीतून वळते.

"पण वापराने एवढं होणारच," भाचा म्हणाला.

"सर, हे नॉर्मल वेअर अँड टेअरमध्ये बसत नाही."

"कुणाचं नॉर्मल?" दाजी जिन्यावरून खाली उतरत म्हणाले. त्यांनी यादी मागून घेतली, चष्मा लावला आणि ओळीने वाचली. मग अगदी सहज विचारलं, "हीच गाडी आम्ही विकत घेतली तर केवढ्याला?"

तशी सोय करारात होती. पोरगा म्हणाला, "तीन लाख साठ हजार, काका. रेसिड्युअल व्हॅल्यू आधीच ठरलेली असते."

"एवढ्याला?" दाजींनी यादी त्याच्यासमोर धरली. "बंपर गेलाय, गालिचा गेलाय, बोनेटवर डाग आहे, किल्ली एकच. हे मी म्हणत नाही, तूच लिहिलंयस. खाली तुझीच सही आहे. असली गाडी तीन साठला कोण घेईल?"

पोरगा गप्प झाला. त्याने ऑफिसला फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला आणि परत येऊन सांगितलं की किंमत तीच राहील, पण गाडी इथेच राहणार असेल तर यादीचे अठ्ठावीस हजार लागणार नाहीत. दाजींनी हात पुढे केला. व्यवहार झाला.

तेव्हापासून प्रत्येक मुंजीत, प्रत्येक साखरपुड्यात दाजी सांगतात, "अठ्ठावीस हजार उतरवले मी." गाडी विकत घेतल्यावर तिच्या ओरखड्यांचा दंड तसाही कुणी मागत नाही, हे मी एकदा चारचौघांत बोललो. त्यावर दाजी ताईला म्हणाले की तुझ्या माहेरी व्यवहार कुणालाच कळत नाही. तीन साठ त्यांनी एफडी मोडून दिले. तिच्यावरच्या बुडालेल्या व्याजाचा हिशेब मी काढणार होतो, पण त्या दिवशी जेवण त्यांच्याकडे होतं.